इच्चूवाली गाडी

आमच्या ह्याइनं एक चांगली गाडी बिघडवली, त्याची ही गोष्ट आहे. बिघडवली म्हटलं की ह्याइले राग येते. "मॉडिफाय केली म्हण," म्हणतात. बरं बाप्पा, मॉडिफाय केली.

हे म्हणजे अक्षय, माझा नवरा. बाभुळगावले आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप. गाडी घेतली तेव्हा ती साधी, पांढरी, माणसात बसंल अशी एसयूव्ही होती, मधल्या आकाराची. माझी सासू इंदूबाई, मी त्याइले आत्याबाई म्हणतो, त्याइचे गुडघे गेलेले. त्या सुद्धा दार धरून आरामात बसत. मंग मोबाइलवर कोण्यातरी दाढीवाल्यानं वाळवंटात गाडीच्या टपावर तंबू ठोकून ह्याइले चहा करून दाखवला, अन् आमच्या घराचे ग्रह फिरले.

"ओव्हरलँडिंग करायचं," हे म्हणे.

"थे काय असते?" आत्याबाईनं इचारलं.

"जमिनीवरून दूरदूर जायचं, माय. आपलं सामान, आपलं बिऱ्हाड संगं घेऊन."

"मंग आजवर काय आभाळातून जात होतो काय रे?"

यवतमाळले इमरानभाईचं गाड्या सजवायचं दुकान आहे. माणूस गोड, अन् जीभ त्याहून गोड. "अक्षयभाऊ, टायर तो मोटे आ गए, अब गाडी उठानी पडेगी." उठवली. "उठ गई, तो अब बंपर कमजोर दिखता." लोखंडी बंपर लावला. लोखंडी बंपर रिकामा दिसून राह्यला, म्हणून त्यात विंच. पाण्यातून जाताना इंजिनाले श्वास घेता यावा म्हणून बाजूनं काळं नळकांडं. टपावर जाळी, जाळीवर तंबू, तंबूसमोर लाइटाची पट्टी. ती पट्टी गल्लीत लावून पाह्यली तं समोरच्या लालीबाईच्या कोंबड्यानं भर संध्याकाळी बांग देली.

एवढं सारं झाल्यावर मी एक साधा सवाल इचारला, "इंजिन चारही चाकं फिरवते का हो?"

"चारही फिरतात."

"फिरतात थे मले दिसते. इंजिन किती फिरवते?"

"समोरचे दोन," हे हळूच म्हणे. "पण आपल्याले तेवढे बस्स आहेत." अन् मागच्या काचेवर 'फोर बाय फोर'चं स्टिकर लावून मोकळे झाले.

विंच म्हणजे तार ओढायचं यंत्र. तारेच्या टोकाले वाकडा आकडा. गाडी फसली की आकडा झाडाले अडकवायचा, बटन दाबायचं, गाडी स्वतःच स्वतःले ओढून काढते. हे ह्याइनं आत्याबाईले हात करकरून समजावलं. त्याइनं ऐकलं भलतंच, विंचचा विंचू. "गाडीच्या तोंडात इच्चू कायले बसवला रे पोरा?" तवापासून थो आमच्या घरी इच्चूच.

गाडी उंच झाली, आत्याबाई होत्या तेवढ्याच राह्यल्या. त्याइले चढवाले प्लास्टिकचं स्टूल लागे. मी खालून ढकलत जाओ, हे वरून ओढत. "मायसाठी गाडी घेतली" असं गावभर सांगणाऱ्या माणसाची माय पोत्यासारखी चढवा लागे. मले असा संताप ये की काय सांगू!

ह्याइचा एक ग्रुप बी होता, 'विदर्भ ओव्हरलँडर्स'. रविवारी डांबरी रोडवरच्या धाब्यावर जमायचं, टायरले चिखल नाही लागला पाहिजे म्हणून गाड्या फरशीवर लावायच्या, अन् कुठचा रस्ता खराब आहे याची चर्चा करायची. आपल्या जिल्ह्यात राहून खराब रस्ता हुडकत फिरणारे माणसं मी तवाच पाह्यले.

फसलेल्या चाकाखाली टाकाच्या नारिंगी पट्ट्या बी आणल्या होत्या, दाते दाते असलेल्या. पावसाळ्यात आमच्या न्हाणीत शेवाळ झालं तं आत्याबाईनं त्या तिथी आथरल्या. पाय घसरणं बंद. अख्ख्या गाडीत कामाची वस्तू तेवढीच निंगाली.

आता मारोतमामाचं सांगतो. मारोतराव म्हणजे आत्याबाईचा धाकटा भाऊ, एकुलता. महागावच्या पलीकडे खैरटोकले राह्यतात, एकेकाळचे सरपंच. डांबरी रोडवर फाटा, अन् फाट्यापासून गावापर्यंत शेताशेतातून पांदण, बैलबंडीची कच्ची वाट. आमचं लग्न जूनच्या शेवटच्या मुहूर्तावर होतं. पाऊस झाला, अन् मामाची गाडी त्या पांदणीत फसली. नवरदेवाच्या मागं मामा उभा पाहिजे का नाही? भटजीले पुढचं लग्न गाठायचं होतं. दूरचे कोणते तरी मामा उभे केले अन् मंगलाष्टकं उरकले. मारोतमामा आले तेव्हा पंगत बसलती. आल्यापावली परत गेले, पाणी बी नाही पेले. तवापासून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद.

अन् या भादव्यात अचानक फोन.

"बाई, महालक्ष्म्याच्या जेवणाले ये. आपल्या घरची रीत तुले माहीत आहे, पहिलं पान लेकीचं." मंग मामानं अट घातली. "पण आरती झाली की पान वाढीन. मंगलाष्टकाले तुम्ही माह्यासाठी जेवढे थांबले, तेवढाच मी थांबीन. या खेपेस नाही आली तं मले बहीण नाही."

फोन ठेवून आत्याबाई पदरात तोंड घालून रडल्या. "माय गेली, बाप गेला, हा एवढा एकच राह्यला, समीक्षा," मले म्हणे. "त्याच्या घरचं दोन घास जेवल्याबिगर माहा जीव जाचा नाही."

फोन ठेवाच्या आधी मामानं फाट्यावर ट्रॅक्टर पाठवतो म्हटलं होतं. तवा ह्याइनं फोन आत्याबाईच्या हातातून घेतला. "ट्रॅक्टर? मामा, ही गाडी बनवली कायसाठी मंग?"

"पाह्य बाप्पा," मामा म्हणे, अन् ट्रॅक्टर पोराले देऊन उमरखेडले पाठवून देला.

सणाच्या दिवशी सकाळी निंगालो. आत्याबाईनं हिरवं लुगडं नेसलं, मांडीवर महालक्ष्म्यासाठी ओटीचं सामान. फाट्यापर्यंत मजेत गेलो. फाट्यावर ह्याइनं मोबाइल काचेले लावला, व्हिडिओ सुरू केला, अन् बोलले, "तर मित्रांनो, आज आपण आलो आहोत एका खडतर मार्गावर." घरी 'तं' म्हणणारा माणूस मोबाइलसमोर 'तर' म्हणते, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

आमची काळी माती कोणाच्या स्टिकराले भीत नाही. थोडे पुढं गेलो अन् मोठ्या टायराइले मातीचे एवढाले गोळे चढले. समोरचे दोन चाकं जाग्यावर गरगर फिरून राह्यले, बोनटवर चिखल उडून राह्यला, अन् मागचे दोन पाहुण्यासारखे बसून होते. गाडी पोटावर टेकली. 'तर मित्रांनो' बंद झालं.

"पट्ट्या!" हे वरडले. "समीक्षा, नारिंगी पट्ट्या कुठी आहेत?"

"न्हाणीत."

आता राह्यला इच्चू. हे तार ओढत उतरले, दोनदा पडले, पांढरा शर्ट काळा झाला. पण आकडा अडकवाले झाड तं पाहिजे! इकडे कपाशी, तिकडे तूर. पुऱ्या पांदणीत उभी वस्तू एकच होती, वळणावरचा भूमिपूजनाचा दगड. काळी चकचकीत फरशी, मागं सिमेंटचा थर, खाली विटांचा चौथरा. वर सोनेरी अक्षरं: 'पांदण रस्त्याचे भूमिपूजन', खाली कोण्या साहेबाचं नाव, त्याच्या खाली 'मा. श्री. मारोतराव, सरपंच'. रस्ता आमच्या लग्नाआधी होणार होता. मामा दर पोळ्याले थो दगड धुवून पुसून घेत. आताच धुतला असंल, लखलखून राह्यला होता.

"अहो, मामाचा दगड आहे थो!"

"दगड सरकारी असते," हे म्हणे, अन् बटन दाबलं.

तार ताणली. इच्चू कुरकुर कुरकुर वाजला. गाडी जागची हलली नाही. दगड आला. विटा फोडून, मधातून चिरून, दोन तुकडे होऊन, पांदणीतून सरपटत सरपटत पार बंपराजवळ आला अन् थांबला.

तेवढ्यात गावाकडून आरतीचा घंटा ऐकू आला. वाजत होता तवरोक आत्याबाई खिडकीची कड घट्ट धरून बसल्या होत्या. मंग घंटा थांबला.

"झाली आरती," त्या म्हणे. "मले उतरव. मी जातो पायी."

मी स्टूल ठेवलं, थे चिखलात बुडालं. आत्याबाईले पाय टेकवाले काहीच राह्यलं नाही. मचाणावर बसवल्यासारखी म्हातारी वर बसली, अन् तिच्या डोळ्यातून घळघळ पाणी. मी ह्याइले जे बोलली थे इथी लिहिता येत नाही.

वळणावर छत्री दिसली. मारोतमामा! पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, चपला हातात. थांबणार नव्हते थे माणूस चालत आले होते. आत्याबाईचं तोंड उजळलं, पण मामा मधातच थबकले. फुटक्या चौथऱ्याकडे पाह्यलं.

"माहा दगड कुठी गेला?"

वरून आत्याबाईच बोलल्या, "इथी आहे, मारोत्या. तुह्या भाच्याचा इच्चू डसला त्याले."

मामा गाडीपाशी आले, तुकडे पाह्यले, अन् भडकले. "माह्या नावाचा दगड! लग्नात मान नाही देला, आता नाव बी उपटलं! जा परत! पान काढून ठेवतो मी तुह्यं!" अन् पाठ फिरवली.

"थांब, मारोत्या!" आत्याबाईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माह्या पोराच्या लग्नाच्या दिवशी तू कुठी फसलता? सांग."

मामा थांबले. "इथीच."

"हा दगड उभा होता का?"

"होता."

"मंग पोचवलं का त्यानं तुले? मी मंडपाच्या दाराकडे पाहून राह्यलती. भटजी थांबला नाही, लोकं थांबले नाही, मी रडत रडत अक्षता टाकल्या. अन् तू इतके वर्षं मान मान करत बसला. रस्त्याचं नाव लिवलं, थे धुतलं, पुसलं. रस्ता कुठी आहे रे?"

मामानं छत्री मिटली. मंग बारीक आवाजात म्हणे, "त्या दिवशी मी बी ह्याच दगडाले टेकून बसलतो, बाई. लेकरासारखा रडलतो."

मामानं चपला बांधावर ठेवल्या अन् बाह्या वर केल्या. "उचल रे अक्षय. एक तुकडा ह्या चाकाखाली, एक त्या."

साहेबाचा तुकडा डाव्या चाकाखाली गेला. मामाचा तुकडा उजव्या चाकाखाली घालताना ह्याइले तेवढी अक्कल आली. "मामा, नाव खालच्या अंगानं करतो."

"नाही नाही, वरतंच राहू दे," मामा घाईनं म्हणे. "अक्षरं खोदलेले आहेत, टायर धरीन." राग गेला, पण नाव चिखलात तोंड घालंल हे मामाच्यानं पाह्यलं जात नव्हतं.

टायर मामाच्या नावावर चढला. दगड कचकन खाली दबला, चाकानं धरलं, अन् मी अन् मामानं मागून असा रेटा देला की गाडी एकदाची उसळून पुढच्या कडक जागेवर गेली. माह्या साडीची पार वाट लागली. स्टूल तिथीच राह्यलं.

घरी मामानं बहिणीले खांद्याचा आधार देऊन स्वतः उतरवलं. मामी दारात उभी होती. "या बाई! आरती होऊन किती वेळ झाला, पण तुमच्या भावानं कोणाले बसू नाही देलं." आत पंगत मांडली होती, सगळे पानं रिकामे, अन् सर्वांत पुढचं एकच वाढलेलं. पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या, आंबील. आत्याबाईनं पहिला घास घेतला अन् दुसरा भावाच्या तोंडात घातला. मामा रडत रडत चावत होते.

परत येताना, उमरखेडवरून आलेल्या मामाच्या ट्रॅक्टरनंच आम्हाले ओढत फाट्यावर सोडलं. थो व्हिडिओ ह्याइनं काढला नाही. टाकला थो सकाळचा, काचेवरच्या मोबाइलनं घेतलेला, 'ट्रॅक्टर न घेता सुटका', अन् खाली इमरानभाईची कमेंट, "शेर है शेर!"

दगड कोणी उचलला नाही, तिथीच रुतून आहे, नाव वरतं. पांदणीतून येणारे-जाणारे त्याच्यावर पाय देऊन तेवढा चिखल ओलांडतात. मामा बी त्याच्यावरूनच जातात. रस्त्याचं आजवर तेवढंच काम झालं आहे.