अणू फुटला, पण माणसं कुठं गेली?

पोखरणला अणुचाचणी झाली त्या साली जून कोरडाच गेला. नेकनूरजवळच्या एका शाळेत साखर कारखान्याच्या चेअरमननी चाचणीचे पेढे वाटले. प्यायचं पाणी मात्र टँकरचं होतं, तेही नदीपल्याडच्या वस्तीबरोबर वाटून घ्यावं लागे. दहावीला विज्ञान शिकवणारे शहादेव सर मनानंच थकले होते. दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जाणार, मग जीव तोडून शिकवायचं कुणासाठी?

"युरेनियमच्या अणूवर न्यूट्रॉन आदळतो, अणू दुभंगतो, प्रचंड ऊर्जा निघते. त्यातूनच अणुबॉम्ब झाला. लिहून घ्या."

"मग एक नदीपल्याडच्या वस्तीवर टाकू बे!" बंकट ओरडला. "टँकर सगळा आपलाच!"

वर्ग हसला. सरही हसले. त्या वस्तीवरून येणारी छबू तेवढी मान खाली घालून बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आलीच नाही.

मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी सरांना गाठलं. "छबू कावून आली न्हाई, ठाऊक हाय?"

"पोरांची चेष्टा हो, बाई. मी लई थकलोय."

"थकलात, कबूल. पण अणू फुटला अन् बॉम्ब झाला, यांच्या मधली माणसं कुठं गेली? बॉम्ब करा म्हणणारी, करणारी, टाकणारी. टाकू नका म्हणून विनवणारीसुद्धा! ती तुम्ही गाळलीत, म्हणून पोरांना बॉम्ब खेळणं वाटला."

शाळा सुटल्यावर सर तसेच वस्तीवर गेले. छबूच्या आईला, विमलबाईंना म्हणाले, "मी हसायला नको होतं, ताई. पोरीला धाडा."

दुसऱ्या दिवशी छबू आली. सरांनी वर्गाला उभं केलं. "ज्याला हात लागेल त्यानं आणखी दोघांना शिवायचं." बंकटपासून सुरुवात झाली आणि बघता बघता वर्गभर दंगा उसळला.

"ही शृंखला अभिक्रिया! फुटलेल्या अणूतून निघालेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडत जातात. हिच्याच जोरावर हिरोशिमात एका सकाळी तुमच्याएवढी पोरं जळून गेली. आता पुन्हा करा. पण वाटेल त्यानं हात आवरायचा."

या खेपेला छबूनं हात आवरले. मग शेजारणीनं आवरले. पाहता पाहता खेळ थांबला.

"अणुभट्टीत नियंत्रक कांड्या न्यूट्रॉन असेच शोषून घेतात आणि अभिक्रिया आवरतात. मग त्याच अणूपासून वीज मिळते."

बंकट छबूकडं वळला. "त्या दिवशी मी वाईट बोललो."

"आमच्याकडंबी तान्ही लेकरं हायेत रे," ती एवढंच म्हणाली.

बॉम्ब करणाऱ्या आणि नको म्हणणाऱ्या माणसांची गोष्ट सांगायला सरांनी पुढचा तासही मागून घेतला.

बंधूंनो, अणूला शत्रू-मित्र कळत नाही. ते माणसानं ठरवायचं असतं. म्हणून मुलांना शोध शिकवाल तेव्हा त्याची जबाबदारीही शिकवा!