टबावरची फळी

एव्हिस हॉब्डेच्या हातातून पुस्तक टबात पडलं तेव्हा तिचा नवरा डेस मागच्या अंगणात शेगडीसाठी लाकडं फोडत होता. आतून हाक आली ती त्याच्या नावाची नव्हती, शिवी होती. एव्हिस सहसा शिव्या देत नसे. कुऱ्हाड तिथेच टाकून तो धावला.

ती पाण्यात बसली होती आणि पुस्तक तिच्या गुडघ्यांपाशी तळाला गेलं होतं. उजवा हात तिने छातीशी धरला होता, जखमी पाखरू धरावं तसा.

"काय झालं? लागलं का?"

"लायब्ररीचं आहे," ती म्हणाली. "जन्मभर लोकांना ओलं पुस्तक आणलं म्हणून झापलं मी. आता कुठल्या तोंडाने परत करू?"

डेसने पुस्तक काढून शेगडीजवळ पानं उघडी करून ठेवलं. वाळलं, पण फुगून पावाएवढं झालं.

बर्नी गावच्या लायब्ररीतली नोकरी सुटेपर्यंत एव्हिसचा एक नेम होता. कामावरून आलं की टब गरम पाण्याने भरायचा आणि दार लोटून वाचत पडायचं. सामुद्रधुनीवरून येणारा वारा खिडक्या खडखडवायचा, कागद गिरणीचा कुबट वास घरात शिरायचा, पण बाईसाहेब पाण्यात आणि पाण्याबाहेर फक्त पुस्तक. डेस त्याच गिरणीत यंत्रांवर होता. इतका कागद त्याच्या हाताखालून गेला, पण वाचायचा तो घोड्यांच्या शर्यतींचं पान. तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

मग एव्हिसला एक आजार जडला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. डॉक्टरांनी नाव सांगितलं, पुढचं सगळं सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. परतताना गाडीत एव्हिस म्हणाली, "बरं झालं, हातांपासून सुरुवात झाली. तोंडापासून झाली असती तर तुझं फार फावलं असतं."

पुस्तक बुडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी डेस म्हणाला, "टबावर आडवा ठेवायचा ट्रे मिळतो. मी घेऊन येतो."

"तू आणणार? तू माझ्यासाठी आणलेला झगा आठव. मी येते."

दुकान बेव्ह नावाच्या बाईचं होतं. मेणबत्त्या, साबण, टॉवेल, असलंच सगळं. एव्हिस काठी टेकत आत शिरली आणि बेव्हने तीन ट्रे काढून गल्ल्यावर मांडले. एक बांबूचा, दोन्ही बाजूंनी ओढून लांब करता येणारा. एक चकचकीत तारांचा. तिसरा पांढरा प्लास्टिकचा, हॉस्पिटलातल्यासारखा. त्याच्याकडे एव्हिसने पाहिलंही नाही.

"हा बांबूचा घ्या," बेव्ह म्हणाली. "पुस्तकाला मागून टेकू आहे. आणि ही बघा, वाइनचा ग्लास अडकवायची खाच. मेणबत्तीलाही जागा आहे. अगदी राणीसारखं पडायचं!"

"वाइन आता नळीने प्यायची वेळ आली आहे, बाई," एव्हिस म्हणाली. "नळीसाठी खाच आहे का?"

डेसने खिशातून मोजपट्टी काढली आणि उगीचच ट्रे मोजायला लागला.

एव्हिसने प्रत्येक ट्रेवर कोपर टेकून पाहिलं, पालथ्या हाताने तो ढकलून पाहिला. डेस घड्याळाकडे बघू लागला तशी ती म्हणाली, "नवरा निवडताना एवढा वेळ घेतला असता तर आज मी कुठल्या कुठे असते."

शेवटी बांबूचाच घेतला. पण त्यांचा टब होता जुना, बिडाचा. गोल, गुळगुळीत काठाचा. ट्रे त्यावर जागचा हलायचा. डेसने खाली रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या वाफेने सुटल्या. आठवडाभरात एव्हिसचं कोपर घसरलं, ट्रे एका बाजूने उलटला, आणि पुस्तक, चष्मा, सगळं पाण्यात गेलं. ती रडली नाही. डेस चष्मा शोधत असताना म्हणाली, "पाणी सोडून दे. आज नको."

त्यावर डेस शेडमध्ये गेला. वडलांनी सांभाळून ठेवलेली ह्यूऑन पाइनची एक फळी तिथे होती. पिवळं, तेलकट, गोड वासाचं लाकूड. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं तरी न कुजणारं. त्याने ती टबाच्या मापाने कापली आणि खालून दोन ठोकळे स्क्रूने बसवले, टबाच्या आतल्या बाजूंना घट्ट टेकतील असे. वर पुस्तकासाठी उतरती पाटी केली, पानं धरायला रबरी दोरी लावली. बसवल्यावर स्वतः फळीवर रेलून पाहिलं. तसूभर हलली नाही.

"ह्यावर तर गाय उभी राहील," एव्हिस म्हणाली. तिच्या तोंडून आलेलं कौतुक होतं ते. डेस दिवसभर शीळ घालत हिंडला.

पान उलटायचं कामही त्याच्याकडे आलं. टबाशेजारी स्टूल टाकून तो बसायचा. ती "हं" म्हणाली की पान उलटायचं. नुसतं बसून करायचं काय, म्हणून तोही वाचू लागला. ती पान संपवायची तेव्हा हा अर्ध्यावर असायचा.

"हं."

"थांब जरा. त्या बाईला पत्र कोणी पाठवलं?"

"दिराने. मागच्या पानावर आहे. हं!"

"पण दीर तर मेला होता ना?"

"देवा, पहिल्यापासून वाचायला हवं होतंस. उलट!"

तो हिवाळा तसा बरा गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाय गेले आणि मग जिभेने साथ सोडायला सुरुवात केली. तिचं बोलणं आता एकट्या डेसला कळायचं. मान धरवेना. पुस्तकंही थांबली, कारण ओळीवर नजर ठरली तरी तिला धाप लागायची. तरी ती टब मागायची, आणि डेस तिला उचलून पाण्यात ठेवायचा. तिचे दोन्ही हात फळीवर पसरलेले, छाती फळीच्या कडेला टेकलेली. पाण्यात अंग हलकं व्हायचं आणि तेवढा वेळ दुखणं जरा मागे सरायचं.

घरी येणारी नर्स ग्लेंडा एकदा हे पाहून दारातच थबकली. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "डेस, हे आता बंद करायला हवं. ती फळी नसली तर त्या सरळ पाण्याखाली जातील. तुमची पाठही जाईल. सोमवारी शॉवरची खुर्ची येतेय."

"तिला सांगितलंत?"

"सांगितलं. नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे."

रविवारी दुपारी डेसने टब भरला. शेवटचा, म्हणून पाणी जरा जास्तच भरलं. एव्हिस बराच वेळ डोळे मिटून होती. मग म्हणाली, "चहा कर."

"आत्ता तर झाला."

"कर. सावकाश कर." श्वास घ्यायला ती थांबली. "आधी फळी काढ."

डेसला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तो वाकला. तिने पुन्हा तेच म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. आणि मग, "डेस. मी ठरवलंय. उद्यापासून हेही नाही."

"एव्हिस, असलं बोलू नको."

"तुला काही करायचं नाही. चहा करायचाय फक्त."

तो स्टुलावर बसून राहिला. पाणी निवायला लागलं. ती त्याच्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. लायब्ररीतल्या टेबलामागून ती पुस्तक परत न करणाऱ्याकडे बघायची, तशी बघत होती. डेसने तिच्या केसांवर ओठ टेकले, मानेमागे दुमडलेला टॉवेल ठेवला आणि दोन्ही हातांनी फळी उचलून भिंतीशी उभी केली. मग तो बाहेर गेला.

स्वयंपाकघरात त्याने किटली भरली. गॅस पेटवला. कप काढले, दोन. खिडकीबाहेर समोरच्या मिसेस पेनिकॉट वाळत घातलेल्या चादरी काढत होत्या, त्यांनी हात केला, त्यानेही केला. न्हाणीघरातून काहीच आवाज येईना. आधीही काही आवाज येत नव्हता, पण हे शांत असणं वेगळं होतं. डेसच्या हातातून चमचा पडला आणि तो धावला.

ती पाण्याखाली होती आणि तिचे डोळे उघडे होते. त्याने तिला काखेत धरून वर ओढलं, फरशीवर घेतलं, पालथं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. पाणी आलं, मग खोकला आला, मग एक असा आवाज, जो त्याने कधी ऐकला नव्हता. तो तिला कवटाळून बसला आणि "माफ कर, माफ कर" म्हणत राहिला. आत किटली किंचाळत होती.

हॉस्पिटलात त्याने सांगितलं, फळी सटकली. ग्लेंडा सोमवारी शॉवरची खुर्ची घेऊन घरी आली. भिंतीशी उभी असलेली फळी तिने उचलली, खालच्या ठोकळ्यांवरून अंगठा फिरवला, आणि परत होती तशी ठेवून दिली. कागदावर मात्र तिने "सटकली" असंच लिहिलं.

पाणी छातीत गेलं होतं. ताप उतरला, पण एव्हिसची वाचा पुरती गेली ती परत आली नाही. आता अक्षरांचा एक तक्ता असायचा, डेस बोट फिरवायचा आणि हव्या त्या अक्षरावर ती डोळे मिटायची. घरी आल्यावर तिने पहिलंच विचारलं ते "का".

"चहाची पत्ती संपली होती," तो म्हणाला.

एव्हिसच्या घशातून घरघर आली. हसली की काय, त्याला कळलं नाही. मग तिने तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला. मान वळेना, म्हणून डोळेच तेवढे वळवले. त्या आठवड्यात ती तक्त्याकडे पाहायलाच तयार झाली नाही.

पुढचे पाच महिने वाईट गेले. ते सांगण्यासारखे नाहीत. श्वासाचं यंत्र, नळीतून पोटात जाणारं अन्न, रात्ररात्र कफ काढणं. डेस सगळं स्वतःच्या हातांनी करत होता. कधीकधी ती त्याच्याकडे बघायची, कधी डोळे मिटून घ्यायची. ऑगस्टमध्ये, तिथल्या ऐन हिवाळ्यात, हॉस्पिटलात, दोन दिवस धापा टाकून ती गेली. मरण सोपं आलं असं कोणी म्हणालं नाही.

मुलगी रोंडा पर्थहून आली होती. अंत्यविधीनंतर घरी परतताना गाडी तीच चालवत होती. लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक समोरून धडधडत जात होते.

"बाबा, तू तिला शेवटपर्यंत सोडलं नाहीस," ती म्हणाली. "हे मी कधी विसरणार नाही."

"गाडी बाजूला घे," डेस म्हणाला.

"मळमळतंय का?"

"घे बाजूला."

तिने समुद्राकडच्या कडेला गाडी थांबवली आणि त्याने सगळं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही, मिसेस पेनिकॉटना केलेला हातही नाही. शेवटी माफी मागितली. रोंडा स्टिअरिंग धरून समोर बघत होती. तिने विचारलं, "म्हणजे तू माझ्याकडे माफी कशाबद्दल मागतोयस? गेलास म्हणून, की परत आलास म्हणून?"

"मला नाही ठाऊक."

"मलाही नाही," ती म्हणाली. "आत्ता माझ्याशी बोलू नको. मी तुझ्यावर कशासाठी चिडलेय ते मला आधी कळू दे."

डेसने मान हलवली. तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. घराच्या दारात तिने त्याला दंडाला धरून आत नेलं.