सुट्टीतल्या गोळ्या

सत्राचा शेवटचा दिवस. आलिनाफेचं दप्तर भरून तयार होतं आणि तोंडाचा पट्टा नेहमीसारखाच चालू होता. जानेवारीत शाळेत दवाखाना सुरू झाला आणि ही पोरगी बदललीच. रोज सकाळी प्रार्थनेआधी सिस्टर काचेपांकडे जायचं, गोळी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं. तेव्हापासून एकदाही फिट आली नव्हती. पूर्वी तिच्याशेजारी जेवायला न बसणाऱ्या मुली आता नेटबॉलला ती आपल्याच संघात हवी म्हणून भांडत होत्या!

पण उद्यापासून तीन आठवडे शाळा बंद, म्हणजे दवाखानाही बंद. सुट्टीच्या गोळ्या न्यायच्या तर घरच्या मोठ्या माणसाची सही लागते, आणि आमच्याकडे सहीचा मान बापाचा नाही, आईच्या भावाचा. म्हणून बिझविकमामा सायकल हाणत आपल्या गावाहून, डोवाहून आले होते आणि पेन धरून नुसतेच बसले होते.

"सिस्टर, पोरांना सुट्टी, तशी गोळ्यांनाही द्या की थोडी," मामा हसत म्हणाले.

"गोळी मधेच बंद केली की फिट उलटते, आणि जास्त जोरात येते. पोरगी चुलीपाशी बसलेली असली तर?"

मामांचं हसू मावळलं. "शनिवारी हिच्या थोरल्या बहिणीचा, लोव्हनेसचा साखरपुडा आहे, माझ्याच अंगणात. रीतीप्रमाणे मुलाकडचे कोंबडा आणणार, आम्ही कोंबडी द्यायची. त्यांनी गोळ्या पाहिल्या तर म्हणतील, या घराण्यात फेफरं आहे. कोंबडा काखेत मारून आल्या पावली परत जातील."

"मी लपून घेईन, मामा."

"पन्नास माणसांत? पाहुणे चार दिवस राहणार. तेवढे चार दिवस गोळी नको. कबूल असेल तर सही करतो."

सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. आणि आलिनाफेची जीभ कुठली गप्प बसायला!

"मामा, पाहुण्यांना काहीतरी एक दिसणारच. एक तर गोळी, नाहीतर तोंडाला फेस येऊन अंगणात पडलेली मी. काय दाखवायचं ते तुम्हीच ठरवा."

मामा सिस्टरांकडे वळले. "ही जीभ गोळ्यांनीच इतकी लांब झालीय का हो?"

"त्यावर माझ्याकडे औषध नाही, साहेब."

मामांनी सही केली. मान वर न करताच म्हणाले, "पण मग तू गावी येऊ नकोस. सुट्टीभर बापाकडेच राहा."

"शनिवारी?"

"शनिवारीसुद्धा."

गोळ्यांची पुडी टेबलावर होती. ती परत सरकवली असती तर शनिवारी जाता आलं असतं. आलिनाफेनं ती उचलली.

"लोव्हनेसताई विचारेल, मी कुठे आहे म्हणून."

"नाही विचारणार."

"विचारेलच! मी नाचणार आहे तिच्यासाठी. तिला सगळं खरं सांगा, मामा, ती भांडेल तुमच्याशी."

मामा उठले. दारापर्यंत गेले, थांबले.

"तिनंच मला पाठवताना सांगितलंय, पोरी. एक तर गोळ्या नकोत, नाहीतर आलिनाफे नको."

बाहेर सायकलचा स्टँड खटकन वर झाला. आलिनाफेनं पुडी दप्तरात टाकली. मग बाहेर काढून पुन्हा मुठीत धरली.