दादाचा कान

त्यांच्या बँडमध्ये पहिल्यापासून एक नियम होता. नवी तार असो, नवा माइक असो, की कुणाकडून मागून आणलेला जुनाट अँप्लिफायर असो, वस्तू पसंत करायची ती दादाच्या कानाने. दादा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा, वाजवणाऱ्यांकडे पाठ करायचा आणि उभा राहायचा. ऐकताना डोळे आडवे येतात, म्हणायचा. चकचकीत पेटी दिसली की कानही तिची खुशामत करायला लागतो. तो वळून मान हलवीपर्यंत बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही. दादाची पसंती कधी चुकली नव्हती, त्यामुळे या नियमाचा जाच कुणाला वाटला नव्हता.

दादा स्वतः गिटारवर, आणि बाकीचे म्हणजे तरी किती? गायला वहिनी, की-बोर्डवर दादाची धाकटी बहीण, आणि तालाला ठोक्या. ठोक्याचं खरं नाव त्याच्या आईखेरीज कुणी घेत नसे. दर शनिवारी संध्याकाळी एका रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात हे चौघं वाजवत. तिथला मॅनेजर अलीकडे कुरकुरायला लागला होता. "लोक इथे जेवायला येतात हो, कान टोचून घ्यायला नाही," तो म्हणाला. "स्पीकर बदला, नाहीतर शनिवारचं मी दुसऱ्या कुणाला तरी बघतो."

स्पीकर जुने होते हे खरंच. एक घरघरायचा, दुसरा मनात येईल तेव्हा गप्प बसायचा, आणि दोघंही इतके जड की जिना चढवताना ठोक्याला पूर्वज आठवायचे. म्हणून एका दुपारी चौघंही, एकट्याला सहज उचलून नेता येईल अशी साउंड सिस्टीम घ्यायला निघाले.

दुकानाच्या मागच्या बाजूला ऐकून बघायची खोली होती. तीन भिंतींना करडा स्पंज आणि चौथ्या बाजूला काच. काचेपलीकडे कोठीची अंधारी खोली. विक्रेत्याने तीन सिस्टीम ओळीने मांडल्या. खाली पेटी, तिच्यावर खोचलेली उंच काठी, आत बॅटरी.

"उचलून बघा मॅडम," तो वहिनीला म्हणाला. "लेकरासारखी कडेवर बसते."

"एक लेकरू सांभाळतेय तेवढं पुरे आहे," वहिनी दादाकडे बघत म्हणाली.

"आणि ते रडतंही सुरात," ठोक्याने जोड दिली.

दादा हसला, काचेपाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. वहिनीने माइक घेतला.

पहिल्या सिस्टीममधून आवाज आला आणि धाकटीला वाटलं, झालं, काम फत्ते. वहिनीने शेजारी बसून गुणगुणावं तसा तो आवाज होता, कुठे कोपरा नाही की खडा नाही. ठोक्याने भुवया उंचावल्या. विक्रेता तर बिलबुक शोधायला लागला.

दादा वळला. त्याने मान आडवी हलवली. "शब्द कुठे आहेत? उशीत तोंड खुपसून गातेय ती."

दुसरीलाही तेच. तिसरी सुरू झाली, तशी धाकटीने डोळे बारीक केले. वहिनीचा प्रत्येक 'स' सुईसारखा येत होता.

"ही बरी आहे," दादा पाठमोराच म्हणाला. "ट्रेबल वाढवा जरा, वरचे सूर येऊ देत."

"अजून, साहेब?"

"वाढवा हो. आवाज बांधून का ठेवलाय?"

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायची, पहिलं बरं, की दुसरं? माणसं किती तऱ्हेने खोटं बोलतात हे तिला त्या खुर्चीने शिकवलं होतं. एका ड्रायव्हरने बाहेर बसल्याबसल्या तक्त्यावरची अक्षरं पाठ केली होती. तिने त्याचे दोन्ही डोळे झाकले तरी तो घडाघडा म्हणत सुटला होता. तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं. आता दादाच्या पाठीकडे बघताना तो ड्रायव्हर तिला आठवला. मॅनेजर म्हणत होता ते कान टोचणं स्पीकर जुने झाल्यामुळे नव्हतं. दर शनिवारी आवाज लावायचा तो दादाच.

तेवढ्यात वहिनी माइक घेऊन पेटीच्या अगदी पुढ्यात सरली आणि पेटीतून शिट्टी सुरू झाली.

बारीक, उंच, दातांच्या मुळाशी जाणारी शिट्टी. ठोक्याने दोन्ही कानांवर हात दाबले, धाकटीने दाबले, वहिनीनेही माइक काखेत धरून दाबले. दादा मात्र तसाच उभा होता, हात खिशात, मान किंचित कललेली, पायाने ताल धरलेला. त्याच्यापुरती खोलीत शिट्टी नव्हतीच.

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिने कानांवरचे हात हळूच खाली घेतले आणि डोळ्यांनीच धाकटीला खुणावलं. धाकटीनेही हात काढले. मग ठोक्याने. सगळे त्या शिट्टीत ताठ उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. विक्रेत्याला वाटलं असणार, चौघांची डोकी एकदम फिरली. त्याने धावत जाऊन खटका बंद केला.

दादा वळला. "हीच घ्यायची," तो म्हणाला.

गप्प राहायचा नियम दादा वळेपर्यंतचाच होता. आता बोलायला हरकत नव्हती, तरी वहिनीने पर्समधून पैसे काढले.

वहिनी आणि ठोक्या बिलासाठी थांबले. धाकटी आणि दादा पेटी घेऊन गाडीपाशी आले. डिकीत ती नीट बसेना, म्हणून दादा तिला आडवी करत होता. धाकटीने जीव एकवटला.

"दादा, पहिली होती ना..."

"पहिली चांगली होती, चिमे. मला माहितीये."

"मग?"

"त्या खोलीला काच होती." तो पेटीखाली जुनी चादर सरकवत राहिला. "पलीकडे अंधार. आरशासारखं दिसतं. पहिलीला तुमचे चेहरे खुलले, आणि हिला तुम्ही सगळे कानांवर हात ठेवून उभे. आधी मला कळेचना की हे करतायत काय."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊन आलो. वरचे सूर ऐकू येणं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही म्हणाला. कानाचं मशीन लावून पाहिलं. बाकी ठीक, पण गिटार छेडली की पत्र्याच्या डब्यात खडे. काढून ठेवलं."

"मग निदान आवाज लावायचं काम मला दे ना! लोकांना टोचतंय रे. मॅनेजर पुन्हा संधी देणार नाही."

"बाकीच्या दोन्हींत मला तुझी वहिनी ऐकू येत नव्हती." दादाने डिकी लावली. "म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. कुठली ओळ चालू आहे तेच कळत नाही. हिच्यात येतात."

"वहिनीला तरी सांग," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांत आधी हात कुणी काढले, पाहिलंस ना? तिला ठाऊक आहे. मी बोललो की तिलाही बोलावं लागेल. मग ती गाईल कशी?"

दुकानातून वहिनी आली, हातात बिल. "काय ठरतंय बहीणभावांचं?"

"ही म्हणते, पेटी मागच्या सीटवर ठेवू," दादा म्हणाला. धाकटी हो म्हणाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं काहीतरी तिच्या हातात आलं होतं, आणि वहिनी दार उघडून तिला आधी बसायला सांगत होती.

शनिवारी पेटी धाकटीच्या की-बोर्डशेजारीच ठेवली होती. ट्रेबलचं बटण हाताशी. दादाने ते आपल्या कानाने लावलं आणि गाणं सुरू झालं. पहिल्याच कडव्याला पुढच्या टेबलावरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. एका लहान मुलीने कानांत बोटं घातली. तिला कुणी डोळ्यांनी खुणावणारं नव्हतं. मॅनेजर काउंटरपाशी हाताची घडी घालून उभा होता, आणि बघत होता तो धाकटीकडे.

तिने बटण कमीकडे फिरवलं. थोडंच.

टेबलं सैलावली. बाईंनी चमचा उचलला. मुलीची बोटं पुन्हा ताटलीत गेली. मॅनेजरने घडी सोडली आणि तो वळला. वहिनीचा आवाज पहिल्या सिस्टीमसारखा गोल होऊन खोलीभर पसरला.

दुसऱ्या कडव्यानंतर गिटार यायची होती. ती आली नाही. ठोक्याने एक आवर्तन जास्तीचं मारलं, धाकटीने मध्ये चार सूर भरले. दादा तारांवर बोटं ठेवून थांबला होता, गर्दीत हात सुटलेल्या माणसासारखा. त्याने पेटीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. रागावला असता तर बरं झालं असतं.

पहिलं बरं, की दुसरं? तिच्याकडे दोनच भिंगं होती, आणि दोन्हींतून कुणीतरी पुसलं जात होतं. ती बटण उलटं फिरवणार, तोच वहिनी वळली. लोकांकडे जवळजवळ पाठ करून ती दादाकडे तोंड करून गायला लागली, एकेक शब्दाला ओठ मोठे उघडत, लहान मुलाला बोलायला शिकवावं तसे.

"वहिनी, लोक इकडे आहेत," ठोक्या कुजबुजला. वहिनीने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही मान वळवली नाही. दादाची गिटार आली, अर्धा ठोका उशिरा. ऐकताना ज्याला डोळे आडवे यायचे, तो आता पापणी न हलवता तिच्या ओठांकडे बघत होता.

काउंटरपाशी मॅनेजर पुन्हा थांबला होता. गाणारीने पाहुण्यांकडे पाठ केलेली त्याला चालत नसे, हे त्याने पूर्वी एकदा सांगितलं होतं. धाकटीचं बोट बटणावर होतं. ते तिने न फिरवता तिथेच ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने वाजवत राहिली.