शेंदरपायीच्या अंगावरचे थेंब

घड्याळजींनी भिंग डोळ्यात बसवलं आणि मेव्हण्याने, बाळ्याने, टेबलावर ठेवलेल्या फोटोवर ते इतके वाकले, की नाक कागदाला टेकायचंच बाकी राहिलं. लव्हाळ्याच्या काडीवर एक टाचणी बसली होती. चतुराच्याच कुळातली, पण त्याच्याहून नाजूक, पंख पाठीवर मिटून घेणारी. सहाही पाय शेंदरी. डोळ्यांवर, छातीवर, पंखांच्या मुळाशी पाण्याचे बारीक थेंब.

"काय भाऊजी, वाचाच बसली की!" मेव्हणा खुर्चीत रेलून म्हणाला. "शेंदरपायी आहे. बोला, घेता का यादीत?"

"किती वाजता काढलास?"

"दुपारी. दोन-सव्वादोन."

"कुठे?"

"आपल्याच खाणीवर. पलीकडे, पंपाच्या खोलीमागे. उलटतपासणी झाली असेल तर चहा मागवतो ताईकडे."

घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. भर दुपारी दव?

जुन्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यावर चतुर आणि टाचण्या टिपणारी ही दहा-बारा जणांची मंडळी. त्यांची यादी घड्याळजींकडे असे आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय तीत एक ओळ वाढत नसे. यादीत शेंदरपायीची नोंद एकच होती, नऊ वर्षांपूर्वीची, खुद्द घड्याळजींची. तो फोटो चौकटीत घालून समोरच्या भिंतीवर लावलेला होता. त्यानंतर ती कुणालाच दिसली नव्हती. पकडलेल्या किड्याचा फोटो चालणार नाही, हा नियमही त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

"दोन दिवस ठेवतो," ते म्हणाले. "पाहू."

मेव्हण्याचा चेहरा उतरला. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"नियम सगळ्यांना सारखा."

तो गेल्यावर घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बायको मटार सोलत होती.

"परवा बाळ्याकडे गेली होतीस ना? त्याच्या फ्रीजमध्ये एखादी डबी वगैरे दिसली का? लहानशी, झाकणाला भोकं पाडलेली?"

किडा डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा. गारठून सुन्न झाला की हव्या त्या काडीवर बसवायचा. तो हलत नाही, उडत नाही. फक्त बाहेर काढल्यावर अंगावर पाणी धरतं, थंड बाटलीवर धरतं तसं. ही युक्ती घड्याळजींना चांगलीच ठाऊक होती.

"फ्रीजचं बरं सुचलं तुम्हाला," बायको म्हणाली, आणि दाण्यांतून एक किडका दाणा वेचून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी ते मेव्हण्याबरोबर खाणीवर निघाले, तेही ऐन उन्हात.

"तुम्ही आणि दुपारी?" मेव्हणा हसला. "सातला जाऊन नऊला परत येणारा माणूस तुम्ही."

ते खरंच होतं. सकाळी किडे थंडावलेले असतात, फोटो नीट येतो. गेल्या नऊ वर्षांत घड्याळजींनी या पाण्यावर दुपार काढली नव्हती.

पंपाच्या खोलीमागे मेव्हणा कॅमेरा घेऊन चिखलात पालथा पडला. त्याची पाठ वळलेली पाहून घड्याळजींनी हळूच त्याच्या पिशवीत हात घातला. बोटांना एक डबी लागली. त्यांनी ती उघडली. आत पडशाच्या गोळ्या होत्या.

"काय शोधताय?"

"पाणी."

"बाटली तुमच्या पायाशी आहे, भाऊजी." मेव्हण्याने मान वळवली नव्हती. त्याचा आवाज मात्र उतरला होता.

घड्याळजींनी बाटली उचलली, पण प्यायले नाहीत.

"आली," मेव्हणा कुजबुजला.

शेंदरी पायांनी काडी धरून ती बसली होती. घड्याळजी नकळत पुढे वाकले. नऊ वर्षं! मग ती काडीवरून उलट्या पावली खाली उतरू लागली. शेपटी पाण्यात गेली, पंख गेले, डोळेही गेले.

"अरे, बुडाली!"

"श्श. थांबा."

पाण्याखाली तिच्या अंगाभोवती हवेचा पातळ, चंदेरी पापुद्रा चमकत होता. घड्याळजींनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. अकराव्या मिनिटाला ती वर आली, काडीवर चढली आणि तशीच निथळत बसली. डोळ्यांवर, छातीवर, पंखांच्या मुळाशी थेंब.

"खाली देठात अंडी घालते," मेव्हणा म्हणाला. "पण तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या त्या फोटोतही हे थेंब आहेतच की. तुमची वेळ तर सकाळची, म्हणून आधी मला दवच वाटलं होतं. पण फोटोतल्या काडीची सावली पाहिलीत? अगदी बुडाशी, एवढीशी. म्हणजे टळटळीत दुपार. म्हटलं, ही पाण्यातून वर आलेली असणार. तेव्हापासून दुपारी यायला लागलो. दोन उन्हाळे गेले."

नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी फोटोतली ती टाचणी घड्याळजींच्या फ्रीजमधल्या डबीत किती तास राहिली होती आणि काडीवरून खाली पडल्यावर पुन्हा उठली नव्हती, हे त्या पाण्याच्या काठावर एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की ती शेवटचीच होती.

"मग, घेणार ना यादीत?"

"घेणार."

घरी आल्यावर त्यांनी यादी काढली. मेव्हण्याची नोंद लिहिली. मग पट्टी ठेवून तिच्या वरची ओळ, आपल्या नावाची, सरळ खोडली. उठून भिंतीवरची चौकट उतरवली. बायकोने काही न विचारता ती हातात घेतली आणि पदराने काचेवरची धूळ पुसली.

"खिळा काढू?"

"राहू दे. बाळ्याचा फोटो लागेल तिथे."

ती चौकट घेऊन आत जाता जाता थांबली. "ती डबी मी तेव्हाच टाकून दिली होती," ती म्हणाली.

घड्याळजींनी फोन उचलला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"बाळ्या, संध्याकाळी जरा येऊन जा," ते म्हणाले. "त्या थेंबांबद्दल बोलायचंय."