आठाचे सहा

“चौघी मला आता झेपायच्या नाहीत,” लाँड्रीचा मालक म्हणाला. “सरकारनं किमान वेतन वाढवलंय. एकीला घरी बसावं लागेल.”

नाव घ्यायची गरजच नव्हती. चादरींच्या घड्या घालणारी मावशी सगळ्यांत म्हातारी, हातही मंदावलेले. तिनं चांगली घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

इस्त्रीच्या टेबलाशी कडकताई उभी होती. बावीस वर्षं कॉलरी ताठ करणारी. जीभही तशीच, म्हणून हे नाव पडलेलं. वाढीची बातमी आल्यापासून तिनं मनातल्या मनात फ्रिज घेतला होता, तो कुठं ठेवायचा हेही ठरवलं होतं. गप्प बसली असती तर फ्रिज आलाच असता. पण कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाचा कोट जाळला होता, तेव्हा “माझ्या हातून झालं” म्हणत मावशीनंच बोलणी खाल्ली होती.

“आठ तासांचे सहा करा,” ती एकदम म्हणाली.

“म्हणजे?”

“नव्या दरानं सहा तासांचे तेवढेच पैसे होतात, जेवढे आज आठाचे देता. तुम्हाला तोशीस नाही, आणि आम्ही चौघी राहतो.”

“आणि हा ढीग कोण उपसणार? माझे आजोबा?”

“आम्हीच. तोंड बंद ठेवलं की हात आपोआप चालतात.”

“तू आणि तोंड बंद!” मालकाला हसू आवरलं नाही. “बरं, बघू महिनाभर.”

महिनाभरात ढीग एक दिवसही राहिला नाही आणि मालकानं पुन्हा विषय काढला नाही. दुपारचा निवांत चहा मात्र गेला. सुनांची गाऱ्हाणी अर्धवट राहू लागली, संध्याकाळी खांदे भरून येऊ लागले. मावशीनं आभार वगैरे मानले नाहीत. फक्त पाणी मारलेले शर्ट ती कडकताईच्या हाताशी आणून ठेवू लागली.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी कडकताई साडेतीनलाच घरी पोचली. नवरा रात्रपाळीचा वॉचमन. तो सकाळी यायचा तेव्हा ती निघायची, ती संध्याकाळी यायची तेव्हा तो निघायचा. अकरा वर्षं दोघांची गाठ दारातच. सुट्ट्याही जुळत नसत. आता तो खिडकीखाली झोपला होता. उजेडात त्याचे केस किती पिकलेत, ते तिला आजच दिसलं.

तो दचकून उठला. “काय गं? काढलं की काय तुला?”

“मला नाही. दोन तास काढले.”

“आणि फ्रिज?”

“राहिला.”

तो “हं” म्हणाला, चूळ भरून आला. तिनं दोघांचा चहा गाळला. त्याला निघायला अजून चांगले दीड-दोन तास होते. दोघं समोरासमोर बसली. काय बोलायचं ते कुणालाच सुचेना, पण उठावंसंही वाटेना.