रंगीत टीव्हीचं कव्हर

गोरेगावच्या नलिनीवन्संनी आजवर कुणाला चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. लग्नात त्यांनी जिलेबीला नावं ठेवली, बारशाला बाळाच्या नाकाला ठेवली, आणि मयताला गेल्या तर तिथंही ‘हार जरा बरे आणायचे होते’ असं बोलून आल्या. अशा बाईची धाकटी भावजय होणं म्हणजे जन्मभराची परीक्षा. मुलुंडची सुगंधा ती लग्न झाल्यापासून देत होती आणि दरवेळी नापास होत होती.

दर भाऊबीजेला तिचा नवरा दत्ताराम थोरल्या बहिणीच्या ताटात साडी घालायचा. वन्सं घडी मोडायच्या, काठ उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, “रंग जाणारेय हा.” रंग काही जायचा नाही, पण तोवर सुगंधाचा चेहरा उतरलेला असायचा. दत्तारामला त्याचं सोयरसुतक नव्हतं. “अक्काचा स्वभावच तसा आहे गं,” एवढं बोलून तो दुसरी करंजी उचलायचा. सुगंधाला मात्र एकदा, फक्त एकदा, त्या तोंडून ‘छान’ ऐकायचं होतं. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण माणसं याहून फालतू गोष्टींसाठी जन्म घालवतात.

संधी चालून आली ती एशियाडनंतर. वन्संच्या यजमानांनी, विद्याधररावांनी, रंगीत टीव्ही घेतला. त्या काळी आपल्या लोकांत एक रीतच होती : वस्तू घेतली की आधी ती झाकायची. रेडिओला झबलं, मिक्सरला झगा, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल. घरातला पुरुष भोकं पडलेल्या बनियनवर फिरेल, पण मिक्सर नटलेला हवा. आणि वन्संचा टीव्ही चक्क जुन्या चादरीखाली! सुगंधाने ठरवलं, यंदा साडी नाही, कव्हर. तेही स्वतःच्या हातचं.

माप घ्यायचं कसं, हा पेच होता. टेप काढला तर गुपित फुटणार. नवरात्रात ती हळदीकुंकवाला गेली, तेव्हा तिने चादर सारून पदराने टीव्हीवरची धूळ पुसायचं सोंग केलं आणि लांबी, रुंदी, उंचीच्या गाठी पदरालाच मारल्या.

“पुसलीस खरी, रेघा राहिल्यात की,” वन्सं म्हणाल्या. सुगंधा त्या गाठी मुठीत घट्ट धरून मुलुंडला आली.

मग दिवाळीपर्यंत घरात मोरांचं राज्य सुरू झालं. पांढरी दसुती, रेशमाच्या लडी, समोर पिसारा फुलवलेले दोन मोर, बाजूंना वेल, खाली झालर. आमटीत मीठ नाही अशी दत्तारामने तक्रार केली, तर आतून उत्तर आलं, “मोराची मान चाललीय, थांबा जरा.” वन्संना कशिदा उलटून बघायची खोड होती. सुलट बाजू काय, कुणीही सजवील; बाईचा हात मागच्या बाजूला कळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सुगंधाने अस्तर लावलंच नाही. गाठ दिसली की उसव, दोरा लोंबला की उसव. शेवटी मागून बघितलं तरी मोर मोरच दिसायला लागले. धाकटी लेक अनुपमा शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची. तिला कव्हराशी काही देणंघेणं नव्हतं. आत्याकडे रंगीत सिनेमा बघायला मिळणार, एवढ्यावर पोरगी खूश होती.

त्या वर्षी भाऊबीज नेमकी रविवारी आली. संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा. ओवाळणं झालं आणि दत्तारामने पुडकं ताटात ठेवलं. वन्संनी ते सोडलं आणि कव्हर हातात येताच आधी उलटं केलं. वन्सं मोरांचा टाका न् टाका तपासत गेल्या. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. नाव ठेवायला जागाच सापडेना, तेव्हा बाई भांबावल्या. मग एकदम उठल्या आणि कव्हर वरून सरळ टीव्हीवर ओढायला लागल्या.

“वन्सं, थांबा, मागं...” सुगंधा पुढे झाली. मागच्या बाजूला, पट्टीखाली, तिने प्रेसबटणं लावली होती. ती सोडायची, कव्हर चढवायचं आणि मग लावायची. पण वन्संनी हिसके देत कव्हर एव्हाना तळापर्यंत आणलंसुद्धा होतं.

त्या मागं सरल्या. बघत राहिल्या.

“छान केलंस गं, सुगंधा,” त्या म्हणाल्या. “बटण नाही, नाडी नाही, आणि बसलंय बघ कसं! बटणं लावतात त्या बायका मापाला कच्च्या. हात असावा तर असा.”

सुगंधाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांचं सगळं फिटलं असं तिला वाटलं. बटणांचं सांगायचं राहून गेलं, असं ती पुढे म्हणायची. खरं तर तिने ते गिळलं.

सिनेमाच्या वेळेला मजल्यावरची माणसं आपापल्या सतरंज्या घेऊन जमली. विद्याधरराव उठले आणि झालर धरून त्यांनी कव्हर वर ओढलं. टर्र असा बारीक आवाज आला.

“खबरदार हात लावाल तर!” वन्सं कडाडल्या. “माझ्या भावजयीने डोळे फोडून केलंय. तुरा उसवेल मोराचा!”

“अगं, मग सिनेमा?”

“आवाज येतो की. ऐका.” त्यांनी झालरीखाली हात घालून टीव्ही लावला.

मोरांच्या पोटातून टाळ्या, टापा आणि सारंगी ऐकू यायला लागली.

“हिरो आला वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

“छे, घोडा आहे तो,” शेजारचे धोंडिराम म्हणाले. “वाट लागली यार रविवारची.”

दत्ताराम बायकोच्या कानाशी वाकला. “तू सांग ना गं. आज अक्का तुझं ऐकेल.”

अख्खी खोली सुगंधाकडे बघत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. बोललं तर सिनेमा दिसणार, आणि वन्संना बटणंही दिसणार.

“राहू दे ना,” ती म्हणाली. “गाणी तर ऐकू येतायत.”

वन्संनी तिला हात धरून आपल्याशेजारी बसवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“आई,” अनुपमा पुढून मोठ्याने म्हणाली, “पण मागं आपण ती...”

सुगंधाने वाकून पोरीच्या तोंडात अख्खी करंजी कोंबली. अनुपमाने आईकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. ती वळली आणि मोरांकडे बघत, नाक ओढत, करंजी चावत राहिली. सुगंधाला ते दिसत होतं. पण वन्संचा हात खांद्यावर होता, आणि तो निघू नये म्हणून सिनेमा संपेपर्यंत ती जागची हलली नाही.